रकाना नसलेली मोजणी

ओव्हनबाईंचं आडनाव कारकुनाला पाठ होतं, कारण सतरा वर्षं तो ते दिवसातून तीन-चार वेळा टाइप करत होता. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल काय ठाऊक आहे, असं कुणी विचारलं असतं तर त्याला घाम फुटला असता. त्या चहात साखर घेत की नाही, हेसुद्धा तो छातीठोकपणे सांगू शकला नसता. शेजारच्या टेबलावर बसूनही त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं ते बहुधा त्या दुसरीकडे पाहत असताना. माणूस मुळात भिडस्त. तेव्हा हे काही बाईंचं चरित्र नव्हे. सतरा वर्षांतले जेमतेम सहा-सात महिने त्याच्या वाट्याला आले, तेही अर्धेमुर्धे, आणि त्यातलंही काही त्याला चुकीचं आठवत असण्याची शक्यता आहे.

कंपनी एक चिप बनवत असे. करंगळीच्या नखावर चार मावतील एवढी. जगात तिचं काम एकच, बाहेर काहीही होवो, एक पॉइंट दोन व्होल्ट द्यायचे. ऊन असो, गारठा असो, बॅटरी नवी असो की मरायला टेकलेली, हिने आपलं एक पॉइंट दोन सोडायचं नाही. बाकीची यंत्रं तिच्याशी ताडून आपापली मापं घेत, म्हणून तिला रेफरन्स म्हणत. पूर्ण नाव बँडगॅप रेफरन्स. तिच्या पोटात दोन व्होल्टेज असत. एक गरमी वाढली की खाली उतरे, दुसरं गरमी वाढली की वर चढे. दोघांची योग्य प्रमाणात बेरीज केली की एकाचं उतरणं दुसऱ्याच्या चढण्यात जिरून जाई आणि बेरीज जागच्या जागी राही.

"दोघी जावा आहेत," ओव्हनबाई म्हणत. "एकीचा पारा चढला की दुसरीचा उतरतो, म्हणून घर चाललंय."

एवढा एक विनोद त्या वर्षातून दोनदा करत. कारकून दोन्ही वेळा हसे.

त्यांना ओव्हनबाई म्हणत ते त्यांच्या ओव्हनमुळे. नाव ओव्हन, पण ते कपाट गरमही करी आणि बर्फासारखं गारही. बाई त्यात चिपा ठेवून उणे वीसपासून पंच्याऐंशी अंशांपर्यंत नेत आणि दर टप्प्यावर व्होल्टेज मोजत. सडपातळ, उंच, बारा महिने अंगात करडा स्वेटर, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. प्रत्येक टप्प्यावर त्या चाळीस मिनिटं थांबत. यंत्राच्या पुस्तकात पंधरा लिहिलेली होती.

"पंधरात कपाट गार होतं," त्या म्हणत. "चिपेला कुठे कळलेलं असतं अजून?"

ही चाळीस मिनिटं त्या पेन्सिलींना टोकं काढत. त्यांच्याइतक्या टोकदार पेन्सिली त्या इमारतीत कुणाकडे नव्हत्या, आणि त्यांच्याइतका उशीरही कुणाकडे होत नव्हता.

आता कंपनीच्या कारभाराबद्दल सांगायला हवं. तिथे मोजणीचे दोन विभाग होते. तिसऱ्या मजल्यावर तापमान विभाग, तळमजल्यावर पुरवठा विभाग. फार पूर्वी या दोन विभागांच्या प्रमुखांचं बिनसलं. कशावरून, ते कुणालाच आठवत नव्हतं. काही म्हणत जिन्यातल्या पंख्यावरून. मग मालकांनी दोघांना समोरासमोर बसवून तोड काढली, की तिसऱ्या मजल्याने फक्त तापमान बदलायचं आणि तळमजल्याने फक्त पुरवठा. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. त्यासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं बटण तीन पॉइंट तीन व्होल्टवर ठेवून त्यावर लाख ओतली. तळमजल्याची खोली कायम पंचवीस अंशांवर ठेवली आणि एसीच्या बटणाला कुलूप घातलं. पुढे दोन्ही प्रमुख निवृत्त झाले, पण लाख आणि कुलूप राहिलं. त्यांचा झाला नियम, आणि नियमाचे झाले दोन फॉर्म. फॉर्म सात तापमानाचा, फॉर्म नऊ पुरवठ्याचा. नवीन माणूस आला की त्याला हे इतक्या गंभीरपणे समजावून सांगत की सृष्टीचीच रचना तशी आहे असं त्याला वाटे.

थंडी आणि कमी पुरवठा एकाच वेळी आले तर काय होतं, हा प्रश्न कुणाच्याच विभागात बसत नव्हता, म्हणून तो कुणाला पडतही नव्हता.

बाईंनाही पडला नव्हता. झालं असं, की तिसऱ्या मजल्यावरचा पुरवठ्याचा डबा बिघडला. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर तळमजल्याची सही लागे. तळमजला म्हणाला, वरचे लोक वस्तू नीट वापरत नाहीत, थोडं सोसू द्या. तीन आठवडे असेच गेले. शेवटी बाईंनी पहारेकऱ्याच्या टॉर्चमधले दोन सेल मागून आणले आणि चिपेला जोडले. वायर आखूड होती, जेमतेम वीतभर. ती कपाटाच्या दाराबाहेर पोचेना, म्हणून त्यांनी सेलही चिपेसोबत आतच ठेवले.

उणे पाच अंशांना आकडा आला एक पॉइंट सोळा.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा चाळीस मिनिटं थांबल्या. एक पॉइंट सोळा.

"कारकूनबुवा, हे जरा बघता?"

सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला काही बघायला बोलावलं होतं. तो उठला, खुर्ची पडली, ती उचलली, मग बघितलं.

"एक पॉइंट सोळा," तो म्हणाला.

"मलाही तेच दिसतंय. म्हणजे डोळे ठीक आहेत."

पुढचे नऊ दिवस बाईंनी घरून आणलेले नवे सेल लावून पाहिले, जुने लावून पाहिले, लांब वायर आणून सेल बाहेर ठेवून पाहिले. अकरा चिपा तपासल्या. मग मनाचा हिय्या करून पेन्सिल कापायच्या पात्याने डब्यावरची लाख खरवडली. (डबा एव्हाना दुरुस्त होऊन आला होता, लाखेसकट.) तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. खोलीच्या उबेत पुरवठा दोन पॉइंट चारपर्यंत उतरवला तरी चिप एक पॉइंट दोन देई. तीन पॉइंट तीनवर थंडी उणे वीसपर्यंत नेली तरी एक पॉइंट दोनच. पण कमी पुरवठा आणि थंडी दोन्ही एकत्र आले की चिप मान टाके.

"थंडीत त्या दोघींतली एक जाऊ जरा जास्तच उंच होते," बाई म्हणाल्या. "उभं राहायला तिला डोक्यावर जागा लागते. पुरवठा कमी म्हणजे छत खाली आलं. मग ती वाकणारच."

त्यांनी सुबक तक्ता केला आणि टाइप करायला कारकुनाकडे दिला. तो फॉर्म सात घेऊन बसला. मग फॉर्म नऊ घेतला. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

"बाई, याला रकानाच नाही."

"नाही ना?"

"फॉर्म सातमध्ये पुरवठा छापीलच आहे, तीन पॉइंट तीन. नऊमध्ये तापमान छापील आहे, पंचवीस."

"मग एक रेघ मारून रकाना करा की."

"फॉर्मवर रेघ मारायला मंजुरी लागते," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लागत होती, हेही खरंच.

मंजुरी द्यायची ती जावईसाहेबांनी. हे मालकांचे जावई. मालकांनी लग्नात मुलगी दिली आणि वर्षभराने गुणवत्ता विभाग दिला. त्यातली मुलगी त्यांना झेपली असं म्हणतात. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना सगळ्या कागदांवर हिरवा रंग आवडे, आणि लाल दिसला की त्यांचं डोकं दुखे. त्यात चाळीस हजार चिपांची मोठी मागणी आलेली. औषधं थंड ठेवून लांब न्यायचे डबे बनवणारी कंपनी होती. प्रत्येक डब्यात एक छोटा तापमापक, त्यात दोन सेल आणि ही चिप. औषधं तापता कामा नयेत आणि गोठताही कामा नयेत.

जावईसाहेबांनी तक्ता हातात धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"फॉर्म सात पास आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"फॉर्म नऊ?"

"तोही."

"पास अधिक पास म्हणजे काय? डबल पास. मग तुम्ही हे तिसरं काय काढलंत?"

"साहेब, डब्यातले सेल थंडीतच असणार. थंडीत सेल उतरतात. म्हणजे या चिपेला दोन्ही एकदमच भेटणार. तीन पॉइंट तीन आणि थंडी असं तिला फक्त आपल्याकडेच भेटतं."

"बाई, माणसाला एका वेळी दोन आजार झाले तर डॉक्टरसुद्धा एकेक तपासतो."

"आणि पेशंट?"

कारकून दाराशी फाइल घेऊन उभा होता. त्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. जावईसाहेबांनी लाख कुणी खरवडली ते विचारलं. बाईंनी मी म्हणून सांगितलं. मग ते फार गोड आवाजात म्हणाले, की बाई खूप दमलेल्या दिसतात, निवृत्तीला आठच महिने उरले आहेत, तेव्हा त्यांनी फॉर्म सातवर सही करून पंधरा दिवस विश्रांती घ्यावी.

"विश्रांती घेते," बाई म्हणाल्या. "सही राहू द्या."

बाईंच्या सहीशिवाय फॉर्म सात पुरा होत नव्हता आणि फॉर्म सातशिवाय माल फाटकाबाहेर पडत नव्हता. चौथ्या दिवशी जावईसाहेबांनी कारकुनाला फॉर्म देऊन बाईंच्या घरी पिटाळलं.

"सही घेऊन या. त्या नाहीच म्हणाल्या, तर तुम्ही 'करिता' लिहून करा. तुम्ही तिथेच बसता ना? मग झालं तर."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. दार उघडलं ते एका ठेंगण्या बाईने. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या ऑफिसातून कुणी आलंय. घाबरलेत बिचारे."

ही ओव्हनबाईंची नणंद. शिवणकाम करायची. बाईंचे यजमान जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून या दोघी एकत्र राहत होत्या. यातलं काहीही कारकुनाला ठाऊक नव्हतं. बाई अविवाहित असाव्यात, असं त्याने कधीतरी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला. टेबलावर शिलाई मशीन, कापडाचे तुकडे, आणि मशीनच्या खणात टोकं काढलेल्या सहा पेन्सिली. खडूऐवजी नणंद त्याच वापरत असावी.

"बसा हो नीट, खुर्ची चावत नाही," नणंद म्हणाली. "काय गुन्हा केलाय आमच्या वहिनींनी? मला काही सांगत नाहीत. चार दिवस घरात बसून माझं डोकं खातायत. दूध तापलं म्हटलं तरी म्हणतात, थांबा, अजून मुरलं नाही."

"गप्प बसा हो वन्सं," बाई आतून चहा घेऊन आल्या. "त्यांना सही हवीय. मी देणार नाही. तेवढंच."

"एवढीशी सही? द्या की. तुमच्या सहीला काय सोनं लागलंय?"

बाईंनी कप ठेवला आणि नणंदेच्या गळ्यातली मोजपट्टी धरून किंचित ओढली.

"मागच्या वर्षी तुम्ही जुनी पट्टी गरम पाण्यात धुतली होती, आठवतं?"

"झालं! निघालं ते उकरून."

"आखडली होती ना?"

"आखडली," नणंद कारकुनाला म्हणाली. "आणि मला मेलीला कळलंच नाही. त्या वकीलबाईचं माप कागदावर होतं, या पट्टीने कापड बेतलं. अंगात जाईना! वकीलबाई माझ्या दारात उभी राहून माझ्यावरच खटला चालवत होती."

"पट्टी आखडली की सगळं जास्त भरतं," बाई म्हणाल्या. "ही चिप म्हणजे त्या डब्याची पट्टी. ती आखडली की डब्यात उणे पाच असताना तो अधिक चार सांगणार. औषध गोठलेलं आणि डबा म्हणतोय सगळं छान. वकीलबाईला निदान कळलं तरी की घट्ट होतंय. औषध घेणाऱ्याला काय कळणार?"

नणंदेने मोजपट्टी गळ्यातून काढून गुंडाळायला घेतली.

"नका करू सही," ती म्हणाली. "आणि तुम्ही हो, चहा प्या. गार होतोय."

कारकुनाला सांगायचं होतं की बाई, तुमचं बरोबर आहे. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "चहा छान झालाय." मग तो फॉर्म घेऊन परत आला. बाईंनी जाताना त्याला विचारलंसुद्धा नाही की तुम्ही आता काय करणार. बहुधा त्यांना ते माहीत असावं, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फॉर्म सात टाइप करायला घेतला. 'करिता' लिहिलं. त्यापुढे स्वतःची सही केली. हे सोडून दुसरं काही करण्याची धमक त्याच्यात नव्हती, हे मान्यच करायला हवं. नोकरी, घरी बायकोचं गुडघ्याचं दुखणं, ही कारणं त्याने स्वतःला सांगितली आणि ती त्याला फारशी पटली नाहीत. मग त्याने यंत्रातल्या सगळ्यांत बारीक अक्षरात पानाच्या तळाशी दोन ओळी घातल्या: 'ही मोजणी तीन पॉइंट तीन व्होल्ट पुरवठ्यावर केलेली आहे. अतिथंडी व कमी पुरवठा एकत्र असता फरक पडतो. त्याचा तक्ता मागणी केल्यास पाठवण्यात येईल.'

तळटिपेला मंजुरी लागते का, हे नियमात कुठेच नव्हतं. त्याने तीन वेळा पाहिलं.

फॉर्म घेऊन तो जावईसाहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी वरचा हिरवा शिक्का पाहिला, पान जरा लांब धरलं आणि समाधानाने मान हलवली.

"हे खाली बारीक काय घातलंय?"

"तळटीप आहे, साहेब."

"छान. बारीक अक्षर असलं की कागद भारदस्त दिसतो. यापुढे सगळ्या फॉर्मांवर घालत जा."

माल हप्त्याहप्त्याने जाऊ लागला. बाई रजेवरून आल्या तेव्हा ओव्हनसमोर दुसरं कुणी बसलं होतं, पुस्तकात पाहून पंधरा मिनिटं मोजणारं. बाईंना तळमजल्यावर पॅकिंगच्या टेबलावर बसवलं, चिपांच्या पट्ट्या खोक्यात भरायला. त्यांनी तक्रार केली नाही. कारकून दुपारी जिना उतरून त्यांच्याकडे जायचं ठरवी आणि पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन परत येई. काय बोलणार होता? 'करिता' लिहिलेल्या फॉर्मच्या प्रती त्यांच्याच हातून खोक्यांत जात असणार.

दीड महिन्याने डबेवाल्या कंपनीचं पत्र आलं. त्यांच्याकडच्या एका इंजिनिअरबाईंनी तळटीप वाचली होती. तिथे तळटिपा वाचणारं माणूस होतं, याचं कारकुनाला आजही नवल वाटतं. पत्रात तक्ता मागितला होता.

"बघा, मागणी आली!" जावईसाहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीने मागणी ही कायम चांगलीच गोष्ट. "पाठवा, पाठवा."

कारकुनाने बाईंचा तक्ता पाठवला. आठवड्याने दुसरं पत्र आलं. डबे पाठवणं रोखून धरलं आहे, तापमापकात दोनऐवजी तीन सेल घालत आहोत, अजून एकही डबा बाहेर गेलेला नाही, आणि ही गोष्ट आपण होऊन उघड करण्याच्या तुमच्या कंपनीच्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत.

पहिल्या दोन वाक्यांना जावईसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. शेवटच्या वाक्यापर्यंत येईतो त्यावर रंग चढत गेला. त्यांनी पत्र स्वतःच वर मालकांकडे नेलं. खाली आले तेव्हा तळटीप त्यांची झालेली होती. पंधरा दिवसांत फॉर्म सोळा निघाला: थंडी आणि कमी पुरवठा, गरमी आणि जास्त पुरवठा, सगळी जोडपी एकत्र. त्याला 'दूरदृष्टी उपक्रम' असं नाव पडलं आणि त्यासाठी मालकांनी जावयाला सर्वांसमोर एक ढाल दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ओव्हनबाईही होत्या. खोकी भरून हात धुऊन आल्या होत्या.

पण फॉर्म सोळा भरायचा कसा, हे कुणाला येईना. पंधरा मिनिटांवाल्याने दोन दिवसांत सगळं पास करून दाखवलं. मग इंजिनिअरबाईंनीच पत्रातून विचारलं, आधीचा तक्ता ज्यांनी केला तेच हा करतील ना? नाइलाजाने बाईंना वर बोलावलं. निवृत्तीला तेव्हा दोन महिने राहिले होते.

बाई आपल्या जागी बसल्या. पुरवठ्याच्या डब्याच्या बटणावर आता लाख नव्हती. त्यांनी चिपा आत ठेवल्या आणि पेन्सिल घेतली.

"कारकूनबुवा."

"हं?"

"ती तळटीप जावईसाहेबांनी लिहिली म्हणे."

"तसं म्हणतात खरं."

"शुद्धलेखन फारच बरं होतं," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक काढत राहिल्या.

कारकुनाने मान खाली घालून टाइप करायला घेतलं आणि अर्धं पान चुकीचं टाइप केलं. आपण 'करिता' लिहिलं होतं, त्याबद्दल काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटत होतं. तो दुपारपर्यंत शब्द जुळवत राहिला. मग चहा आला, मग कुणीतरी स्टेपलर मागायला आलं, आणि राहून गेलं.

पहिला फॉर्म सोळा पुरा व्हायला तेवीस दिवस लागले. जावईसाहेब रोज येऊन विचारत, बाई रोज चाळीस मिनिटांचं कारण सांगत. त्यातले काही आकडे चांगले आले नाहीत. बाईंनी ते तसेच लिहिले, आणि रकाना होता म्हणून कारकुनाने ते तसेच टाइप केले. पुढच्या सोमवारी त्याला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर जायचं होतं. तो परतला तेव्हा बाई शिल्लक रजा घेऊन वेळेआधीच निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचं टेबल रिकामं होतं. घरचा पत्ता त्याला माहीत होता. जाऊ जाऊ म्हणता तो कधी गेला नाही.

म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते रजेआधीच्या शुक्रवारी, त्याने टाइप केलेला फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा. बाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत तो वाचला. पेन झटकून पाहिलं. सही केली.

"आज तारीख काय?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"मी सोळा लिहिणार होते."

"काल सोळा होती."

"बरं झालं विचारलं," बाई म्हणाल्या आणि तारीख घातली.